बंधनकारक ओळ

ती ओळ मोडावी लागणार हे तिला मेल वाचता वाचताच कळलं, आणि हातातला कप तिने टेबलावर ठेवला तो नेमका कडेच्या बाहेर. कप फुटला नाही. फरशीवर आदळला, लवंडला आणि गडगडत मैनाच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला. मागे चहाची एक तपकिरी रेघ उमटली, आणि ती वायरींच्या खालून सावकाश पुढे सरकत राहिली. "अगं, बोलवायचं होतं तर हाक मारायची," मैना हेडफोन गळ्यात ओढत म्हणाली, "कप कशाला पाठवलास?" मैना म्हणजे इथली टेस्टर. दिवसभर यंत्राचं बोलणं ऐकायचं, ते कुठे अडखळतं ते टिपायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच सपाट आवाजाची नक्कल करून सगळ्यांना हसवायचं, म्हणून मैना. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकालाच माहीत असावं. आपल्या थट्टेवर ती हसली नाही हे बघून मैनाने जुनं फडकं आणलं, खाली बसून फरशी पुसली, आणि पुसता पुसता वर बघून विचारलं, "काय गं? कुणाचा मेल?" "काही नाही. बांधणीचं आहे," ती म्हणाली. काही नाही म्हणताना माणसाचा आवाज कसा होतो, ते दिवसभर आवाजच ऐकणाऱ्या बाईला सांगायला लागत नाही. मैना फडकं घेऊन उठली आणि आपल्या जागेवर गेली.

त्या ऑफिसात एकच वस्तू तयार व्हायची: पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सगळ्या जगाला खुला होता. ज्याला तयार हवा त्याने तयार घ्यावा. ज्याचं यंत्र जुनंपानं किंवा जगावेगळं, त्याने मूळ मजकूर उतरवून घ्यावा आणि आपल्या यंत्रावर आपण बांधावा. हे बांधायचं काम कंपायलरचं, माणसाचं लिहिलेलं यंत्राच्या गळी उतरवणाऱ्याचं. आणि त्या कंपायलरला काय काय बजावून सांगायचं ते एका फाइलीत लिहिलेलं असतं. ती फाइल तिच्याकडे होती. मेल एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा होता. बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या वाचनालयात न दिसणाऱ्या वाचकांसाठी एक खोली आहे, तिथली यंत्रं दानात आलेली, जुनी. त्यांच्यावर नवा कंपायलर चढत नाही आणि जुन्याला तुमच्या फाइलीतले संरक्षणाचे शब्द समजत नाहीत. "तो म्हणतो, हे मला माहीत नाही, आणि तिथेच बसतो. त्या एका ओळीतून नको ते काढायचा मी प्रयत्न केला, पण एका ओळीत एवढं भरलेलं आहे की मी काय काढलं कोण जाणे, सगळंच बिघडलं. आमची यंत्रं बाहेरच्या जगाला जोडलेलीच नाहीत, त्यामुळे बाहेरून कुणी येण्याची भीती नाही. ती संरक्षणं ऐच्छिक करता येतील का? आमचे एक वाचक रोज येतात, यंत्रासमोर बसतात, आणि आज बोलणार का म्हणून विचारून परत जातात. मी त्यांना रोज उद्या म्हणते."

रोज उद्या म्हणते. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं नाही. न वाचताच ते आत जाऊन बसलं. हात सवयीने उत्तर टाइप करायला लागले. असली मागणी आधीही आली होती, कधी इथून, कधी तिथून, आणि प्रत्येक वेळी तिने एकच उत्तर पाठवलं होतं, इतकं पाठ झालेलं की त्यातलं एक अक्षरही तिचं उरलं नव्हतं: ज्याला दिसत नाही, त्याच्या पाठीमागून कुणी येऊ नये म्हणून ही संरक्षणं आहेत, ती प्रत्येकाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, क्षमस्व. लोक वाचायचे, पटायचं किंवा नाही पटायचं, निघून जायचे. पण ह्या बाईंनी दार आधीच बंद केलेलं होतं. जोडलेलंच नाही म्हणाल्या. पाठीमागून येणार कोण आणि कुठून? तिची बोटं 'पाठीमागून' ह्या शब्दावर थांबली, आणि तिने ते अर्धं उत्तर एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकलं.

कारण ती ओळ तिच्या धाकट्या भावाची होती. असल्या कामात एक सोय असते: फाइल उघडली की प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला, ती ओळ शेवटची ज्याने लिहिली त्याचं नाव दिसतं. ओळ मोडली, बदलली, त्यात काही घातलं की जुनं नाव जातं आणि बदलणाऱ्याचं येतं. ह्यात वाईट काही नाही. उद्या काही बिघडलं तर विचारायचं कुणाला, एवढ्यासाठी ती नावं. धाकटा होता, ह्याच ऑफिसात कामाला, तेव्हा ही डावी बाजू त्याच्या नावाने भरलेली असायची. आईने कागदोपत्री ठेवलेलं, घरात कुणी कधीही न उच्चारलेलं ते भारदस्त नाव, घरात ज्याला सगळे ठोंब्या म्हणायचे त्याचं. मग तो गेला, आणि काम काही थांबलं नाही. यंत्रं बदलली, कंपायलर बदलले, कुणी एक ओळ सुधारली, कुणी दुसरी, बऱ्याच तर तिनेच, रोजच्या कामाच्या धबडग्यात, ध्यानीमनी नसताना. दर खेपेला तो एका ओळीवरून उठून गेला. आणि एका दुपारी ती सहज फाइल वरपासून खालपर्यंत सरकवत होती आणि तिला दिसलं की तो आता एकाच ओळीवर बसलेला आहे. तेव्हापासून त्या ओळीला तिने कुणाचा हात लागू दिला नव्हता. माणूस जातो, आणि मागे राहतं काय? चपला राहतात, त्या कुणीतरी माळ्यावर टाकतं. आवाज राहतो, तो दिवसेंदिवस पातळ होत जातो. अर्धवट वापरलेला साबण राहतो. तिच्याकडे एक ओळ राहिली होती, आणि ती ओळ रोज, जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे, कुणी ना कुणी बांधत होतं. देवाने एवढी एक मुभा दिली आहे असं ती मनात म्हणायची, आणि देवाला हे ऐकू गेलं तर तो हसेल की काय म्हणून पुढे काही बोलायची नाही.

ओळ लांबच लांब होती. धाकट्याची खोडच ती. खिशातसुद्धा तो असंच कोंबायचा, किल्ल्या, पावत्या, पेनाची टोपणं, आणि एक हवं असलं की सगळं बाहेर. कंपायलरला द्यायच्या साध्या सूचना आणि संरक्षणाच्या सूचना त्याने एकाच ओळीत एकाला एक चिकटवल्या होत्या, म्हणूनच त्या ग्रंथपाल बाईंना त्यातलं एक काढता आलं नाही. आणि ओळीच्या शेवटी, यंत्र वाचत नाही पण माणसं वाचतात अशा जागी, त्याने लिहून ठेवलं होतं: 'ही संरक्षणं सर्वांना बंधनकारक. ताईला विचारू नका, ती मऊ आहे.'

ती मऊ आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भांडण झालं होतं ते, दोघांच्या ताटांत जेवण निवत असताना. तिचं म्हणणं होतं, ठेव संरक्षणं, पण ज्याला नको त्याला ती बंद करता आली पाहिजेत. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, प्रत्येकाची नड वेगळी. तो भाताचा घास हातात तसाच धरून म्हणाला होता, "ताई, ऐच्छिक म्हणजे कुणीच करणार नाही. दाराला कडी ऐच्छिक असते का?" "कडी आतून असते रे ठोंब्या," ती म्हणाली होती. "बाहेरून लावली की त्याला कोंडणं म्हणतात." "तू पुस्तकात जा, तिथे शोभशील." "आणि तू दाराशी जाऊन बस, तिथे तू लहानपणापासून शोभतोयस." त्यावर आई पोळ्या लाटायची थांबून म्हणाली होती, "दोघं मिळून आधी जेवाल का? ते तुमचं यंत्र काही उपाशी नाही." आणि खरंच, दाराशी तो शोभायचाच. एवढासा असताना झोपायच्या आधी उठून कडी बघून यायचा. अंथरुणात पडला की पुन्हा उठायचा, पुन्हा बघून यायचा. ती चिडवायची, "कडी पळून गेली का रे?" तर तो गंभीरपणे सांगायचा, "आहे. पण बघितलेलं बरं." मोठा होऊन त्याने यंत्रातही तेच केलं. ती संरक्षणं म्हणजे दुसरं काय होतं? प्रोग्राम एखाद्या कामात शिरला की दाराशी एक खूण ठेवायची, आणि काम संपवून बाहेर पडताना ती खूण जागच्या जागी आहे का ते बघायचं. कुणी मधे हात घातला असेल तर खूण हललेली असते, मग पुढे पाऊल टाकायचं नाही, आहे तिथे थांबायचं. आहे. पण बघितलेलं बरं. त्याने हे तिला समजावून सांगितलं तेव्हा तो यंत्राविषयी बोलतच नव्हता असं तिला वाटलं होतं, आणि तिने भांडण सोडून दिलं होतं. त्याच आठवड्यात त्याने ती ओळ घातली, आणि मऊ असल्याची ती टीप. तिने वाचली तेव्हा ऑफिसात मोठ्याने हसली होती. मग एका पहाटे तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. दाराला कडी होती. ती आईने सकाळी उघडली, शेजाऱ्यांना आत घ्यायला.

फोन थरथरला. आई. दुपारी आई फोन करतेच. जेवलीस का विचारते, जेवले म्हटलं की काय जेवलीस विचारते. आज तिने तेवढं विचारलं. "अगं, त्याचे शर्ट दिले मी," आई म्हणाली. "त्या खालच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाला. उंची तीच आहे." काचेच्या पलीकडे कुणीतरी गाडी मागे घेत होतं, गाडी एका सुरात पीं पीं करत होती. "सगळे?" तिने विचारलं. "निळा ठेवलाय. कॉलर फाटलेली, तो काय द्यायचा." "मला विचारायचंस तरी, आई." "तुला विचारलं असतं तर तू दिले असतेस?" आईच्या आवाजात राग नव्हता, भाजी निवडता निवडता बोलावं तसं ती बोलत होती. "कपाटात नुसते पिवळे पडायला लागले होते गं. मी रोज कपाट उघडायची, रोज बंद करायची. आज सकाळी तो मुलगा त्यातला एक घालून जिन्यावरून उतरला. पाठमोरा. मी म्हटलं, चला." एवढं बोलून आईने नाक ओढलं आणि लगेच म्हणाली, "येताना हिंग आण, संपलाय." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हातातल्या काळ्या पडद्यात स्वतःचं अंधुक तोंड बघत बसली. मऊ! कोण मऊ? तो गेल्यापासून ती इतकी कडक झाली होती की आईसुद्धा तिला विचारायला बिचकत होती. आपण जे भांडण हरलो होतो त्याच भांडणातली त्याची बाजू तिने उचलून धरली होती, त्याच्याहून घट्ट; आणि तिची स्वतःची बाजू, ती कडी आतून असते म्हणणारी, ती त्याच्याबरोबरच गेली होती आणि तिच्यासाठी कुणी रडलंही नव्हतं.

मग तिने कामाला हात घातला, पण सरळ नाही. तिने पळवाट शोधली. त्याची ओळ आहे तशीच ठेवायची, अक्षरालाही धक्का लावायचा नाही. तिच्या खाली आपली नवी ओळ लिहायची, की मागणी आली असेल तर वर जे घातलं त्यातलं संरक्षणाचं तेवढं काढून घे. ओळ शाबूत, नाव शाबूत, त्या वाचनालयाचंही काम होईल. लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने स्वतःहून मैनाला हाक मारली, कारण दुसऱ्या कुणी वाचून बरं म्हटल्याशिवाय बदल पुढे पाठवायचा नाही अशी इथली रीत होती. मैना आली, खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकून तिने वाचलं, आणि तिची मान तिरकी झाली. "हे काय गं? आधी घालायचं आणि मग काढायचं? अंघोळीला जाताना कोट घालून जायचं आणि मोरीत काढायचा?" "चालतं पण," ती म्हणाली. मैना म्हणाली, "चालतं. मी कुठे चालत नाही म्हणते?" तिने बोट पडद्यावर ठेवलं, त्या टिपेवर. "पण इथे हा म्हणतोय बंधनकारक, आणि खालच्याच ओळीत तू ते सोडवतेस. उद्या कुणी नवीन माणूस हे वाचेल तर म्हणेल, हा कोण खोटारडा लिहून गेलाय." बोलून गेल्यावर मैनाच्या लक्षात आलं. डाव्या बाजूचं नाव तिने तेव्हा पाहिलं. इथे ती नंतर आलेली, त्याला तिने कधी बघितलं नव्हतं, पण ते नाव कुणाचं हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तिचं बोट पडद्यावरून आपोआप खाली आलं. "मला तसं म्हणायचं नव्हतं गं," मैना म्हणाली. "बरोबर बोललीस तू," ती म्हणाली. "जुन्या नोंदींत राहतं की सगळं. पुसलं तरी मागे जाऊन बघता येतं, कुणी काय लिहिलं होतं ते." "येतं," ती म्हणाली. "पण मुद्दाम जावं लागतं, मैना. वरवर फाइल उघडली तर नाही दिसत." मैना शेजारची खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली, आणि तिथून उठली नाही.

खोटारडा. जन्मात त्याने तिला एकदा थाप मारली नव्हती; मारायला गेला की कान लाल व्हायचे. आणि त्याचं नाव राहावं म्हणून ती त्याच्या नावाखाली एक खोटं वाक्य कायमचं उभं करून ठेवणार होती, आणि म्हणणार होती, हा माझा भाऊ. काय धरून ठेवलंय आपण? त्याला, की त्याला धरलेल्या आपल्याच मुठीला? देवाने हात दिले ते धरायला, आणि सोडायलाही तेच हात दिले, दुसरे वेगळे दिले नाहीत. तिने आपली पळवाट पुसली. मग त्याच्या ओळीवर गेली. साध्या सूचना एका ओळीत वेगळ्या केल्या, संरक्षणाच्या दुसऱ्या ओळीत, आणि त्या दुसरीच्या भोवती अट घातली: कुणी स्पष्ट नको म्हणून सांगेपर्यंत ही सगळ्यांना मिळतील, मागावी लागणार नाहीत. एवढं करून ती टिपेपाशी आली. कर्सर त्या वाक्याच्या शेवटी लुकलुकत होता. तिने ते शेवटाकडून पुसायला घेतलं, म्हणून आधी ती मऊ असणं गेलं, मग विचारू नका, मग ताई. मग बंधनकारक, मग सर्वांना, मग संरक्षणं, आणि शेवटी 'ही' एवढंच उरलं, आणि तेही गेलं. मैनाने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात गरम होता आणि त्याला फडक्याचा वास येत होता.

पण त्याचं एक म्हणणं खरं होतं, आणि ते तिला पुसता येईना. ज्याला दिसत नाही त्याला कसं कळणार, की आपण बसलोय त्या यंत्राला कड्या नाहीत? बांधणारा कुणी वेगळा, वापरणारा वेगळा; नको म्हणणारी ती ग्रंथपाल, आणि समोर बसणारे ते रोज परत जाणारे वाचक. पडद्यावर इशारा लिहून काय उपयोग? मग ती पुन्हा लिहायला बसली, आणि ह्या वेळी तिचे हात कुणाचंही पाठ केलेलं लिहीत नव्हते. असं बांधलेला प्रोग्राम सुरू झाला की त्याने आधी तोंडाने सांगायचं, मगच वाचायला लागायचं. मैनाने वाचलं, एकदा, मग पुन्हा, आणि म्हणाली, "हे बरं आहे. हे खूप बरं आहे." आणि मग, टेस्टरच ती, "पण आधी ऐकव. संरक्षण काढून बांधलेला मी आजवर ऐकलेलाच नाही."

तिनेही ऐकला नव्हता. ती ओळ आली तेव्हापासून त्यांच्या इथे एकदाही, कुणीही, तिच्याशिवाय प्रोग्राम बांधला नव्हता. तिने संरक्षण नको असं सांगून तो बांधायला घातला. पडद्यावरून ओळी वर सरकत गेल्या, कंपायलर एकेक तुकडा घेऊन एकमेकांत बसवत होता, आणि ती खुर्चीच्या कडेवर येऊन बघत होती. कुठेतरी अडेल. कुठेतरी तो तक्रार करेल, लाल अक्षरांत काहीतरी उमटेल, आणि आपण म्हणू, बघ मैना, नाही होत त्याच्याशिवाय. तिच्या मनात हे होतं, आणि हे मनात आहे हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. लाल काही उमटलं नाही. बांधून झालं, एरवीपेक्षा किंचित लवकरच झालं. मैनाने हेडफोनची वायर उपटली, म्हणजे दोघींनाही ऐकू यावं, आणि म्हणाली, "चालव." तिने चालवला. खोलीत तो रोजचाच सपाट आवाज आला, ना बाईचा ना पुरुषाचा, आणि त्याने नुसतं सांगितलं, कुणी वाटेत भेटावं आणि सांगावं तसं: "ह्या बांधणीत संरक्षण नाही." आवाजाने एका स्वल्पविरामाएवढा वेळ घेतला, आणि मग पडद्यावर जे काही होतं ते पहिल्या शब्दापासून स्वच्छ, न अडखळता वाचायला लागला.

"चाललं की!" मैना म्हणाली, आणि आनंदाने म्हणाली, कारण चालणं हे तिच्या कामात चांगलंच असतं.

"हो," ती म्हणाली. "चाललं."

आवाज पुढे वाचत राहिला.